मदत हवी आहे : हा कामाचा ताण आहे की आजार, हे ओळखायचे कसे?

गो_नोगो

नमस्कार. गेल्या काही महिन्यांपासून माझी झोप मध्येच मोडते आणि त्यानंतर काही केल्या लागत नाही. उठतो तेव्हा जबडा आवळलेला असतो, पित्ताच्या गोळ्या रोजच्या झाल्या आहेत, आणि मोबाईल वाजला की छातीत धडधड सुरू होते. परवा बसमध्ये शेजारच्या माणसाचा फोन माझ्याच रिंगटोनने वाजला, तर माझ्या तळहातांना घाम सुटला. घरी लेकीने एकच गोष्ट दुसऱ्यांदा विचारली की मी तिच्यावर खेकसतो. कामावर तोच तुकडा पुन्हा पुन्हा मोजतो आणि तरीही सही करताना हात अडतो. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी काढून ‘सगळे ठीक आहे, टेन्शन घेऊ नका’ असे सांगितले.

माझे प्रश्न दोनच आहेत. हा नुसता ताण आहे की उपचार घ्यावा असा आजार, हे ओळखायचे कसे? आणि कारण कंपनीत कळू न देता रजा कशी मागायची? ध्यान करा, फिरायला जा, चांगला विचार करा हे सल्ले कृपया देऊ नयेत. ते घरून रोज मिळतात. उत्तर लवकर मिळाले तर बरे, कारण सोमवारपासून पुन्हा तेच सुरू होणार आहे.

संगणकजीवी

आपले वर्णन वाचून हिंजवडीतील माझी चार वर्षे डोळ्यांसमोर आली. माझा स्पष्ट सल्ला असा की व्यवस्थापकाशी बोलून आठवड्यातील निदान तीन दिवस घरून काम करण्याची परवानगी घ्यावी आणि त्याच वेळी दुसऱ्या प्रकल्पावर बदली मागावी. तेही जमले नाही तर राजीनामा द्यावा. नोटीस पीरियड नव्वद दिवसांचा असला तरी नवी कंपनी बऱ्याचदा त्याचे पैसे भरून देते. मात्र तसे ऑफर लेटरमध्ये लिहून घ्यावे, आणि जुन्या कंपनीने दिलेला जॉइनिंग बोनस परत मागण्याची अट आहे का, हे आधी तपासावे.

तळजाई_पहाटे

आपण नको म्हटले आहे, तरीही लिहितो. मी रोज सकाळी सहा वाजता तळजाई टेकडीवर असतो आणि साठीनंतरही मला रक्तदाबाची गोळी लागत नाही. आपण पुण्यात राहता, चहूबाजूंनी टेकड्या आहेत, त्यांचा उपयोग करायला पैसे पडत नाहीत.

आकाशमोगरा

मी समुपदेशक आहे, डॉक्टर नाही, आणि इतक्या माहितीवर कोणीही निदान करू नये. आपण काम काय करता, किती तास करता, झोप नेमकी किती वाजता मोडते, दिवसभरात चहा किती होतो, तंबाखू किंवा दारू आहे का, आणि ईसीजीखेरीज रक्तदाब, हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच आणि बी-१२ या तपासण्या झाल्या आहेत का, हे कृपया लिहावे. थायरॉइड जास्त काम करू लागले तरी धडधड, घाम, चिडचिड आणि झोपमोड ही सगळी लक्षणे दिसतात, म्हणून ते आधी वगळावे लागते. आणखी एक प्रश्न मी प्रत्येकाला सरळ विचारते, तसाच आपल्यालाही विचारते: जगणे नको, मरून जावे असे विचार मनात येतात का?

गो_नोगो

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. तसे विचार येत नाहीत.

बाकीच्यांना माझे काम कोणते याच्याशी काय करायचे आहे ते कळत नाही, पण लिहितो. चाकणला एका सुट्या भागांच्या कारखान्यात मी क्वालिटीत आहे. पाळ्या आहेत, हे ओघानेच आले. घरून काम कसे करणार? तुकडे तपासायचे गेज घरी आणू का? दारू नाही. चहा मोजलेला नाही. थायरॉइड तपासलेले नाही.

संगणकजीवी

चाकण हे आधी लिहिले असते तर माझा अर्धा तास वाचला असता. तरीही राजीनाम्याबद्दल मी जे लिहिले ते लागू पडतेच.

शांतचित्त

क्षमा असावी, परंतु मूळ मनात असते आणि बाकीचे सगळे फांद्या छाटणे आहे. आपण दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करावे. इगतपुरीला जाणे जमत नसेल तर पुण्यातही केंद्र आहे आणि तेथे शुल्क घेतले जात नाही. मी स्वतः गोळ्या सोडून तेथे गेलो आणि पुन्हा गोळीला हात लावला नाही.

आकाशमोगरा

शांतचित्त, आपला अनुभव मी नाकारत नाही. पण ‘गोळ्या सोडून गेलो’ हे वाक्य चारचौघांत लिहिताना विचार करावा. मनोविकारावरील औषधे अचानक बंद केल्यास त्रास उसळतो, आणि गंभीर मनोविकार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असे विपश्यनेची केंद्रेही सांगतात. ज्याला दोन दिवसांची रजा मागायची चोरी आहे, त्याला दहा दिवस मौन पाळायला सांगून काय साधणार?

शांतचित्त

औषध कंपन्यांच्या चष्म्यातून पाहिले की असेच दिसते. असो.

भोसरीकर_निवृत्त

आपल्या नावावरूनच मला शंका आली होती. तुकडा पास की नापास हे दाखवणारे गो आणि नो-गो गेज हातात धरलेला माणूसच असे नाव घेतो. माझी सारी नोकरी गुणवत्ता विभागात गेली, भोसरीत आणि नंतर चाकणला. मला तीन गोष्टी कळायला हव्यात. पाळी कोणत्या क्रमाने बदलते? पाळी संपल्यावर फोन कोणाचे येतात? आणि आपण नापास केलेला माल गाडीत चढवायचा की नाही, हे शेवटी कोण ठरवते?

निगडीकर

चाकणच्या नोकरीत अर्धा ताण तर रस्त्याचाच आहे. तळेगाव चौकात बस अडकली की पाळीला उशीर होतो, आणि नाशिक महामार्गाचे काम कधी होणार याबद्दल जो तो केवळ आश्वासने देतो.

संगणकजीवी

हिंजवडीच्या भूमकर चौकापुढे तळेगाव चौक काहीच नाही.

निगडीकर

आपण कधी दुपारी साडेतीनची पाळी सुटताना तेथे उभे राहिला आहात का?

आकाशमोगरा

रस्त्यांसाठी कृपया वेगळा धागा काढावा.

गो_नोगो

भोसरीकर, पाळी आठवड्याला बदलते. आधी रात्रपाळी, मग दुसरी, मग पहिली. पाळी संपल्यावर फोन येतात ते ग्राहकाच्या लाईनवर बसलेल्या आमच्या माणसाचे. तेथे एक तुकडा जरी बसला नाही तरी पहिला फोन मला येतो, कारण तपासणी अहवालावर सही माझी असते. मग शंभर टक्के सेग्रिगेशन, म्हणजे सगळा माल पुन्हा तपासून खराब तुकडे वेगळे काढणे, रात्रीतून उत्तर, आणि पुढच्या आठवड्यात एट-डी अहवाल, म्हणजे तक्रारीचे कारण आणि उपाय आठ टप्प्यांत लिहून देणे. माल अडवायचा की सोडायचा हे उत्पादनवाले ठरवतात. मी नापास मालाला लाल टॅग लावतो, ते म्हणतात ‘गाडी उभी आहे, एवढे सोड, पुढच्या लॉटला बघू’. हे सगळे तोंडी. लाल टॅग काढलेला ट्रे गाडीत चढताना मी पाहिला आहे आणि त्याच लॉटच्या कागदावर सही माझीच आहे. यात नवीन काय सांगायचे, सगळीकडे हेच असते.

भोसरीकर_निवृत्त

सगळीकडे असते, म्हणूनच आपल्याला ते सांगावेसे वाटले नाही; पण आपल्या साऱ्या दुखण्याची मेख तेथेच आहे. कामाचा बोजा जास्त असणे ही एक गोष्ट, आणि बोजा जास्त असून निर्णयाचा अधिकार शून्य असणे ही दुसरी. कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ साली हेच मांडले होते की सर्वांत जास्त ताण येतो तो मागणी मोठी आणि ताबा कमी असलेल्या कामात. प्लांट हेडला आपल्याहून जास्त काम असेल, पण गाडी थांबवायची की सोडायची हे त्याच्या हातात आहे. आपल्या हातात फक्त पेन आहे. त्यामुळे तोच तुकडा पुन्हा पुन्हा मोजला जातो. माप चुकेल ही ती भीती नसते; माप बरोबर असूनही उपयोग होणार नाही, हे हाताला ठाऊक झालेले असते.

आता कामाचे सांगतो. आपला कारखाना वाहन कंपन्यांना माल देतो, म्हणजे बहुधा त्याच्याकडे आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे प्रमाणपत्र असणार. फाटकाजवळच्या भिंतीवर चौकटीत लावलेले असते ते. त्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीतील कलम ५.३.२ उघडून पाहावे. मालाच्या गुणवत्तेची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना माल रवाना होणे आणि उत्पादन थांबवण्याचा अधिकार असला पाहिजे, आणि सर्व पाळ्यांमध्ये अशी जबाबदारी असलेला माणूस हजर असला पाहिजे, असे त्यात स्वच्छ म्हटले आहे. म्हणजे आपण जे मागणार आहात ती मेहेरबानी नव्हे. ज्या अटीवर कंपनीला प्रमाणपत्र मिळाले, ती अट पाळा एवढेच आपण म्हणणार आहात.

उद्यापासून तोंडी ‘सोड’ ऐकून सही करू नये. नापास माल सोडायचा असेल तर डेव्हिएशनचा कागद, म्हणजे ठरलेल्या मापात नसलेला माल सोडण्याची लेखी परवानगी, हवा, त्यावर निर्णय घेणाऱ्याची सही हवी, आणि ग्राहकाची मंजुरी लागत असेल तर तीही हवी. एकदा कागद मागितला की निम्म्या वेळा गाडी आपोआप थांबते, हा माझा अनुभव आहे.

संगणकजीवी

आणि दुसऱ्या दिवशी नोकरी थांबते, हा इतरांचा अनुभव आहे. आपण निवृत्त आहात, त्यांना घराचा हप्ता असेल.

भोसरीकर_निवृत्त

म्हणूनच भांडायला सांगितले नाही, कागद मागायला सांगितले. उद्या ग्राहकाकडे मोठी तक्रार झाली तर सही कोणाची आहे, हेच पाहिले जाईल, आणि तेव्हाही हप्ता त्यांनाच भरायचा आहे.

आकाशमोगरा

भोसरीकरांचे विश्लेषण मला पटते, पण कागदावर सही मिळाली म्हणून आज रात्री झोप लागेल असे नाही. म्हणून मूळ प्रश्नाकडे येते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ‘बर्नआउट’ची नोंद आजार म्हणून नाही, कामाशी निगडित अवस्था म्हणून आहे. हे वर्गीकरण जानेवारी २०२२ पासून लागू आहे. शक्ती पार संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी तुटलेपण किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटणे या तीन खुणा त्यात दिल्या आहेत. आता ओळखण्याचा व्यवहारातला मार्ग पाहा. सलग काही दिवस कामापासून आणि फोनपासून दूर राहिल्यावर मन आणि शरीर सैलावत असेल, तर कारण बहुतांशी कामात आहे. सुट्टीतही उदासी हटत नसेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींची गोडी गेली असेल, भूक आणि झोप बिघडलेली असेल आणि हे जवळजवळ रोज, दोन आठवड्यांहून अधिक काळ चालले असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि मनोविकारतज्ज्ञांना दाखवायला हवे. आपली धडधड फक्त फोनशी बांधलेली आहे की आता कशानेही होते, हे मला अजून कळलेले नाही. आणि एक बजावते: जिना चढताना किंवा चालताना छातीत दुखले, दम लागला किंवा हाताकडे कळ गेली, तर मागचा ईसीजी चांगला होता म्हणून घरी बसू नये.

पाळीचेही ऐकावे. रात्र, मग दुसरी, मग पहिली हा उलटा क्रम शरीराला जड जातो. पहिली, दुसरी, रात्र असा पुढे सरकणारा क्रम सोसायला सोपा असतो, कारण झोप लवकर आणण्यापेक्षा लांबवणे शरीराला सोपे जाते. हा बदल कंपनीला फुकट करता येतो. रात्रपाळीच्या उत्तरार्धात चहा बंद करावा, परतताना गडद चष्मा लावावा, खोलीला जाड पडदा असावा. आणि फोनची रिंगटोन आजच बदला.

गो_नोगो

फोनशिवायही होते, पण कामावर निघताना जास्त. दिवाळीत गावी होतो तेव्हा तीन दिवसांनी झोप लागली होती. रजेचे काय, ते अजून कोणी सांगितलेले नाही.

आकाशमोगरा

गावी झोप लागली, ही चांगली खूण आहे. तरी टीएसएच आणि रक्तदाब तपासून घ्यावा. रजेच्या अर्जाला वैद्यकीय प्रमाणपत्र जोडता येते आणि त्यात विश्रांतीची गरज व कालावधी लिहिलेला असला की बहुतेक ठिकाणी पुरते. निदानाचा तपशील लिहू नये, अशी विनंती डॉक्टरांना करता येते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये उपचारांविषयीच्या गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखेच धरावे, असे त्यात म्हटले आहे. ससूनमध्ये मनोविकार विभाग आहे, तेथे खर्च कमी येतो. रात्री-बेरात्री बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतही बोलता येते.

तळजाई_पहाटे

या सगळ्यात सकाळचे ऊन कोणी सांगितलेच नाही.

भोसरीकर_निवृत्त

रात्रपाळी करणाऱ्याला सकाळचे ऊन सांगू नये, वर गडद चष्म्याचे लिहिले आहे ते वाचावे.

गो_नोगो, तासांचेही पाहावे. आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट दर ही तत्त्वे १९४८ च्या कारखाने अधिनियमापासून चालत आली आहेत आणि नव्या कामगार संहितेतही आहेत. मात्र आपले पद कागदावर पर्यवेक्षकाचे असेल, तर जादा कामाचा मोबदला नाकारला जाण्याची शक्यता आहे. आपल्या नेमणूकपत्रावर पद काय लिहिले आहे?

गो_नोगो

सीनियर इंजिनीअर. जादा कामाचे पैसे मिळत नाहीत आणि मला ते नकोतही, फोन थांबले तरी पुष्कळ. शनिवारी टीएसएच करून घेतो. पाळीच्या क्रमाचे आणि डेव्हिएशनच्या कागदाचे लिहायचे तर कोणाला लिहू? क्वालिटी हेड स्वतःच ‘सोड’ म्हणणाऱ्यांपैकी आहेत.

भोसरीकर_निवृत्त

तरीही पहिला ईमेल त्यांनाच लिहावा. वगळले तर ते शत्रू होतील. मनुष्यबळ विभागाला या टप्प्यावर आणू नये. पाळीचा विषय वेगळ्या ईमेलमध्ये घ्यावा, नाहीतर चर्चा पाळीवर होईल आणि कागद बाजूला राहील. तक्रारीचा सूर नको. ‘पुढील ऑडिटच्या तयारीसाठी कलम ५.३.२ प्रमाणे प्रत्येक पाळीत माल थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, त्याची यादी निश्चित करून घ्यावी’ एवढेच लिहावे. ग्राहकाकडील पहिला फोन पाळीवर हजर असलेल्याने घ्यावा, ही ओळही त्याच यादीत बसते. ऑडिट हा शब्द दिसला की उत्तर येते. रात्रपाळीहून परतल्यावर लिहू नये. झोप झाल्यावर लिहावे आणि पाठवण्याआधी हवे असल्यास मजकूर येथे टाकावा, नावे काढून.

निगडीकर

मजकूर येथे टाकताना कारखान्याचा गट क्रमांकही काढावा. चाकणमध्ये तेवढ्यावरून माणूस सापडतो.