दोन पल्ल्यांच्या गेटला मोटर बसवायची आहे (रत्नागिरी), बजेट ४० हजार, सल्ला हवा

खालची_आळी
नमस्कार मंडळी. गावचं घर रत्नागिरीपासून वीसेक किलोमीटरवर. आईबाबा दोघंच असतात, बाबा ७४, गाडी अजून स्वतःच चालवतात आणि त्याबद्दल बोललेलं चालत नाही. अडचण आहे गेटची. दोन पल्ल्यांचं लोखंडी गेट, एकेक पल्ला सहा फूट, उंची साडेपाच, खालपासून वरपर्यंत पत्रा मारलेला. पावसात बाबा गाडी थांबवणार, उतरणार, एका हातात छत्री, जमिनीतली कडी वर ओढणार, एक पल्ला ढकलून दुसऱ्याकडे जाईपर्यंत पहिला वाऱ्याने परत येणार. गेल्या जुलैत असाच पाय घसरला, थोडक्यात वाचले. म्हणून मोटर. गेट आत उघडतं. पिलर चिऱ्याचे, १८ इंची. पावसात लाईट कधीकधी दोन दिवस नसते पण घरात इन्व्हर्टर आहे. बजेट फिटिंग धरून ४० हजार, त्याच्यावर खरंच जायचं नाहीये. कुणी बसवलीय का?

कोथरूडकर_जुना
आम्ही सहा वर्षांपूर्वी बसवली, जमिनीखालची, इटालियन. बाहेरून काही दिसतच नाही, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की मोटर आहे कुठे. तेव्हा १ लाख १० हजार पडले होते. आजपर्यंत एक स्क्रू फिरवावा लागलेला नाही. स्वस्तातली घेऊ नका एवढंच सांगेन.

खालची_आळी
धन्यवाद, पण ४० हजार.

कोथरूडकर_जुना
हो वाचलं. पण अशा गोष्टी आयुष्यात एकदाच होतात.

वायरमन_अण्णा
कोकणात जमिनीखालची मोटर लावायची म्हणजे त्या खड्ड्यातलं पाणी काढून द्यायला उताराचा पाईप हवा, नाहीतर जून ते सप्टेंबर मोटर विहिरीत. पुण्याचा पाऊस वेगळा, रत्नागिरीचा वेगळा.

आता कामाचं सांगतो, सांगलीत माझी ही कामं चालू असतात. मोटर शेवटी बघा, आधी गेट बघा. कडी काढा, पल्ला अर्धा उघडा आणि सोडून द्या. सोडला तिथेच राहिला पाहिजे. आपोआप उघडत किंवा मिटत असेल तर पिलर कलला आहे नाहीतर बिजागऱ्या ओळंब्यात नाहीत, आणि मग ती ओढाताण मोटर दर वेळी करणार. एका बोटाने पल्ला हलला पाहिजे, नाही हलला तर बेअरिंगच्या बिजागऱ्या लावून घ्या, फॅब्रिकेटर दिवसाभरात करून देईल. दुसरं, स्टॉपर. मध्ये एक जमिनीत आणि पूर्ण उघडल्यावर दोन बाजूंना दोन, काँक्रीटमध्ये पक्के. स्टॉपर नसताना मोटर बसवलेली गेटं मी बघितली आहेत, पल्ला थांबवायचं काम मोटरचा हात करतो आणि वर्षात आतले दात जातात. तिसरं, जमिनीतली कडी कायमची वर बांधून टाका, नाहीतर कुणीतरी सवयीने खाली टाकणार आणि मोटर कडीशी कुस्ती खेळत बसणार.

मालवणी_मसाला
बेडा घाला नि गप रवा. तीन बांबू, मोटर नको, बॅटरी नको.

श्रीवर्धनकर
पत्रा मारलेलं गेट आणि मोटर हे कोकणात जमत नाही, अनुभवाने सांगतोय. निसर्ग वादळ आलं तेव्हा, ३ जून २०२०, माझं गेट बंद होतं, मोटर लॉक. मोटरने पल्ला सोडला नाही हे खरं, पण ब्रॅकेट चिऱ्यातून मुळासकट उपटून आलं, सोबत अर्धा चिरा. चिऱ्यात नुसते फास्टनर ठोकले होते ना, धरणार कशाला. नंतर पिलरच्या आरपार चार बोल्ट, दोन्हीकडे आठ मिलीची प्लेट, आणि पत्रा कापून उभ्या पट्ट्या. वारा जाऊ दे आरपार.

हिशेबी
वरच्यांनी वाऱ्याचं सांगितलं म्हणून गणित करून बघितलं. सहा बाय साडेपाच म्हणजे साधारण तीन चौरस मीटर. ताशी ६० किमी वारा समोरून आला तर एकेका पल्ल्यावर पन्नास किलोच्या आसपास जोर. वादळ नाही, जुलैतला साधा सोसाट्याचा वारा. वेग दुप्पट झाला की जोर चौपट.

अनुराधा_वि
पत्रा काढला तर कुत्री, गुरं, रस्त्यावरून दिसणारं अंगण याचं काय? आमच्याकडे पट्ट्या केल्या आणि शेजारणीची मांजर अडकली होती मान घालून. दोन पट्ट्यांमधलं अंतर नीट ठरवा.

लेस्टरचा_पाटील
इथे यूकेत २०१० च्या उन्हाळ्यात आठवड्याभरात दोन लहान मुली इलेक्ट्रिक गेटमध्ये सापडून गेल्या, तेव्हापासून फार कडक झालंय. मिटताना गेट किती जोर लावतं ते यंत्र लावून मोजतात, चिमटीत सापडण्याच्या जागी ४०० न्यूटनच्या वर, म्हणजे ढोबळ चाळीस किलो, चालत नाही. आपल्याकडे फोटोसेल (मध्ये कुणी आलं की गेट थांबवणारा डोळा) म्हणजे वरचा खर्च म्हणून काढून टाकतात, तसं करू नका. आणि बिजागरीच्या बाजूची फट बघा, बोटं तिथे जातात, मधल्या जोडावर सगळ्यांचं लक्ष असतं.

पक्का_नगरी
तिकडचे नियम इकडे सांगून काय उपयोग. आमच्याकडे १२ वर्षं गेट आहे, फोटोसेल नाही, काही झालं नाही.

लेस्टरचा_पाटील
झालं नाही तोवर झालं नाही, दादा.

गेटबाहेर_अडकलेला
मोटर कुठलीही घ्या पण ती हाताने सोडवायची किल्ली कुठून लागते ते आधी विचारा. माझी गोष्ट ऐका. लग्नाहून आलो रात्री साडेअकराला, लाईट नाही, बॅटरी चार वर्षांची, तिने टक असा एक आवाज केला आणि संपली. किल्ली मोटरला आतल्या बाजूने लागते. किल्ली माझ्या हातात, मोटर भिंतीच्या आत, मी बाहेर. वय ५८, अंगावर सिल्कचा झब्बा, भिंतीवर काचा लावलेल्या, त्या मीच हौसेने लावल्या होत्या. शेवटी शेजाऱ्याची शिडी. बायको गाडीतून टॉर्च दाखवत होती आणि हसत होती. आता बाजूला माणसापुरतं छोटं दार करून घेतलंय, साधं कुलूप. तुमच्याकडे छोटं दार नसेल तर ४० हजारात आधी ते बसवा.

सोलरवाला
२४ व्होल्ट डीसी घ्या. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या सात अँपिअरच्या, सोबत छोटं सोलर पॅनेल. लाईट गेली तरी गेट चालू. एसी मोटर आता कुणी घेत नाही.

मी_नाशिकची
डीसीच घ्या. आमची डीसी आहे. मिटताना शेवटी हळू होते, कुणी मध्ये आलं की उलटी फिरते. आणि बिजागऱ्या आधी बेअरिंगच्या करून घ्या, हे कुणी सांगत नाही.

वायरमन_अण्णा
मी सांगितलं होतं ताई, वर आहे.

मी_नाशिकची
हो का, एवढं मोठं कोण वाचतं.

पक्का_नगरी
मुळात गेट बाहेर उघडणारं करा, आतली जागा वाचते.

अनुराधा_वि
रस्ता काय तुमच्या मालकीचा आहे? रिमोट दाबला आणि बाहेरून सायकलवर पोरगं जात असेल तर?

पक्का_नगरी
गावात कसली ट्रॅफिक. आणि आमच्या गल्लीत सगळ्यांची बाहेरच उघडतात, ग्रामसेवकाचंसुद्धा.

(इथून पुढचे काही प्रतिसाद ग्रामसेवक आणि सात-बारा यांवर गेले, ते वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया गेटवर बोला. – व्यवस्थापक)

पालीचा_बळी
कंट्रोल बॉक्समध्ये पाल. दोनदा. दुसऱ्यांदा कार्डासकट (आतली सर्किटची पाटी) गेली, कार्ड साडेनऊ हजार. पाल फुकट. केबल आत जायचं भोक सिलिकॉनने बुजवा, पोकळ पाईपच्या तोंडातही भरा, मुंग्यासुद्धा तिथूनच येतात, त्यांना रिलेची ऊब आवडते. आणि वीज कडाडायला लागली की मेन बंद करा, किंवा सर्ज प्रोटेक्टर आणि अर्थिंग नीट करून घ्या. कोकणात मे अखेर कार्ड उडतात.

वायरमन_अण्णा
पालीचं अगदी बरोबर. आळीवाले, एक माप द्या. बिजागरीच्या पिनपासून पिलरच्या आतल्या तोंडापर्यंत अंतर किती? म्हणजे गेट पिलरच्या बाहेरच्या कडेला आहे, मध्यावर की आतल्या कडेला? यावर सगळं आहे, बाकी ब्रँड वगैरे नंतर.

खालची_आळी
बाबांना टेप घेऊन पाठवलं. मध्यावर आहे, नऊ इंच.

वायरमन_अण्णा
मग पिचकारीसारखी सरळ दांड्याची मोटर तशीच बसणार नाही. त्या मोटरचं मागचं टोक पिनपासून आत आणि बाजूला साधारण तेरा ते पंधरा सेंटीमीटरवर यावं लागतं, नेमका आकडा मोटरच्या पुस्तकातल्या तक्त्यात असतो. तुमची पिन नऊ इंच आत, म्हणजे तेवीस सेंटीमीटर पिलरच खाऊन टाकतोय. ओढूनताणून बसवली तर पल्ला साठ-सत्तर अंशात अडकेल, गाडीला आरसे घासतील. दोन रस्ते. एक, पिलरला आतून खाच पाडायची. दोन, कोपरवाली घ्यायची, म्हणजे हाताच्या कोपरासारखा दुमडणारा दांडा, तिला एवढं अंतर चालतं, पण मॉडेलचा तक्ता बघून. ती थोडी महाग आणि दिसायला बोजड.

श्रीवर्धनकर
खाच पाडा. चिरा मऊ असतो, अर्ध्या दिवसाचं काम.

हिशेबी
१८ इंची पिलरमध्ये पाच इंच खाच आणि त्याच पिलरवर गेटचा भार. आत सळया आहेत का नुसते चिरे रचलेत ते कळल्याशिवाय पाडू नका.

खालची_आळी
बाबांना विचारलं. आत सळई नाही. आणि पिलर १९८८ साली त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेत, गवंड्याचं नाव, चिरा कुठल्या खाणीतला, बैलगाडीच्या किती खेपा झाल्या, सगळं अर्धा तास फोनवर ऐकलं. खाच पाडायची नाही. विषय संपला.

कोथरूडकर_जुना
म्हणूनच म्हणत होतो, जमिनीखालची. पिलरला हातच लावावा लागत नाही.

सोलरवाला
कोपरवालीतही २४ व्होल्टची मिळते. बॅटरी, पॅनेल सगळं मिळून ७० पर्यंत जाईल. ४० मध्ये दोन पल्ल्यांचं काही होत नसतं, खरं सांगायचं तर.

पुण्यातली_वहिनी
एकच पल्ला मोटरवर करा ना? छोटी गाडी सहा फुटांतून जाते.

पक्का_नगरी
गाडी जाईल हो, पण आरसे सहाव्या फुटात.

बाबूराव_ऑनलाईन
आम्ही ऑनलाईन मागवली १८ हजारांत, दोन मोटरी, दोन रिमोट, मी आणि मेव्हण्याने यूट्यूब बघून बसवली. तीन महिने झकास. मग शेजाऱ्याच्या गाडीचं रिमोट दाबलं की आमचं गेट उघडायला लागलं. म्हणजे आधी आम्हाला वाटलं भूत.

वायरमन_अण्णा
फिक्स कोडचं रिमोट असणार. रोलिंग कोडचं घ्यायचं, दर दाबण्याला कोड बदलतो.

खालची_आळी
मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, काम झालं. काय केलं ते सांगतो, बऱ्याच जणांना पटणार नाही.

पत्रा काढला, फक्त खालचे दीड फूट ठेवला, वर उभ्या पट्ट्या साडेतीन इंचांवर. बेअरिंगच्या बिजागऱ्या लावल्या. जुन्या काढल्यावर कळलं की एक पिन अर्धी झिजलेली, म्हणजे बाबा इतकी वर्षं गेट उघडत नव्हते, उचलत होते. स्टॉपर तिन्ही केले. यातच चौदा हजार गेले. छोटं दार आधीपासून आहे विहिरीकडून, ते गंजून मिटलं होतं, ते उघडून तेल घातलं आणि कुलूप बदललं.

आणि मोटर घेतली कोपरवाली, २३० व्होल्ट एसी. हो, एसी. सगळ्यांनी डीसी सांगितलं ते वाचलं, कारणंही पटली. पण मी मुंबईला. डीसीचं कार्ड गेलं की मुंबई-पुण्याहून माणूस यायची वाट बघत बाबा परत छत्री घेऊन उभे. आमच्या गावात पंप दुरुस्त करणारा एक जण आहे, त्याने एसी मोटर उघडून बघितली आणि म्हणाला ही माझ्या ओळखीची आहे, कपॅसिटर गेला तर तासाभरात बदलून देईन. त्याच्यावर ठरवलं. लाईन इन्व्हर्टरवरून घेतली, दोनदा मेन बंद करून उघडून बघितलं, चाललं. फोटोसेल बसवला, लेस्टरवाल्यांनी घाबरवलं म्हणून. पिलरला आरपार बोल्ट आणि प्लेट, त्याला बाबांनी परवानगी दिली पण ड्रिल चालू असताना तिथेच खुर्ची टाकून बसले होते. एकूण ७१ हजार. बजेटबद्दल कुणी काही बोलू नये.

सोलरवाला
इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह असेल तर मोटर गुणगुणेल आणि गरम होईल. बघा.

खालची_आळी
साईन वेव्ह आहे, आधी तेच तपासलं.

कोथरूडकर_जुना
७१ घातलेच तर अजून ४० घालून जमिनीखालची आली असती.

श्रीवर्धनकर
बोल्ट आरपार घेतले ते चांगलं केलंत. पहिल्या पावसानंतर एकदा आवळून घ्या. बाबा खूष का?

खालची_आळी
आई खूष आहे, ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून रिमोट दाबते. बाबा गाडी आत आली की उतरून मागे जातात आणि गेट नीट लागलंय का ते हाताने हलवून बघतात. पावसातसुद्धा.

नवा_सभासद_४
धागा उपयोगी आहे, सगळा वाचला. माझंही दोन पल्ल्यांचं गेट आहे, दहा दहा फुटांचं, बाहेर उघडणारं, चढावर. बजेट १५ हजार. कुठली घेऊ?