प्रतिसाद: देवळात कवी कशाला?

वर कुणीतरी विचारलंय, जपानमधल्या शिंतो धर्माच्या देवळात देवांऐवजी कवींची चित्रं का टांगतात? अहो, ती पूजेला नसतात, देवाला वाहिलेली असतात. पूर्वी देवाला जिवंत घोडा वाहत, मग घोड्याचं चित्र काढलेली लाकडी पाटी आली, तिला 'एमा' म्हणतात. पुढे पाटीवर बाकीचे विषयही आले. वाका (जुनी जपानी छोटी कविता) ऐकून देव प्रसन्न होतात ही तिकडची जुनी समजूत, त्यामुळे कवी आणि त्याची कविता दोन्ही अर्पण! फुजिवारा नो किंतो या जपानी दरबारी कवीने अकराव्या शतकात निवडलेले 36 कवी यासाठी ठरलेलेच.

या 36 कवींच्या पाट्यांचा माझा आवडता संच कावागोए गावातल्या सेन्बा तोशोगू या देवळाचा. 1638च्या आगीनंतर देऊळ पुन्हा उभारलं, तेव्हा चित्रकार इवासा मताबेईने 1640 साली तो रंगवला. गंमत पाटीच्या मागे आहे: तिथे त्याने तारखेसकट आपलं नाव लिहून ठेवलंय. ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांच्या नजरेस आलं.

आणि छत्तिसांत बायका पाचच. त्यातली साइगू नो न्योगो राजघराण्यातली, म्हणून बहुतेक चित्रांत पडद्याआड अर्धी लपलेली. देवापुढेसुद्धा पडदा!