मदत हवी आहे: सातबाऱ्यावर आईच्या नावाला कंस, बाग विक्रीला

नमस्कार. राजापूर तालुक्यातल्या आईच्या माहेरच्या जमिनीबद्दल विचारायचं आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला तरी कसा देणार कुणी?

आजोबा 2009 साली गेले. मागे घर, पुढचं खळं आणि सड्यावरची सव्वादोन एकर हापूसची कलमं. जमीन त्यांच्याही वडलांपासूनची. वारस नोंद झाली तेव्हा दोन्ही मामा सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून, म्हणजे मालकांच्या रकान्यात लागले, आई आणि मावशी 'इतर हक्क' या रकान्यात. आमच्याकडे बहिणींची नावं तिथेच घालत आलेत, म्हणून तेव्हा कुणी काही म्हटलं नाही.

2015 च्या गणपतीत आरती आटपल्यावर धाकट्या मामाने पडवीत आईपुढे कागद ठेवला. "ताई, सोसायटीच्या कर्जाला लागतोय, सही कर." शंभराचा स्टँप, नोटरीचा शिक्का. चष्मा आत पिशवीत होता. भावाने सांगितलं म्हणून तिने तशीच सही केली.

गेल्या आठवड्यात पेपरात जाहीर नोटीस आली. बाग विकली जातेय, हरकत असल्यास 15 दिवसांत लेखी कळवा. गट नंबर ओळखीचा वाटला म्हणून सातबारा काढला. आईच्या नावाला कंस, म्हणजे नाव कमी केलेलं, बाजूला फेरफाराचा (बदलाच्या नोंदीचा) क्रमांक. मावशीचंही तेच. आईला मोबाइलवर दाखवलं. तिने बोटांनी ती ओळ मोठी केली, नाव दोनदा वाचलं आणि काही न बोलता फोन परत दिला.

मामाला फोन केला तर म्हणतो, तुम्ही हक्कसोडपत्र दिलंयत, शिवाय बाबांचं मृत्युपत्रही आहे. ते आजवर कुणी पाहिलेलं नाही.

आईला पैसा नको आहे. बाग विकू नये आणि नाव परत लागावं, एवढंच तिचं म्हणणं. पहिलं पाऊल कुठलं टाकू? तलाठ्याकडे जाऊ, प्रांतांकडे (महसूल उपविभागाचे अधिकारी), की थेट कोर्टात? हातात 8 दिवस आहेत.

प्रतिसाद

ताई, आधी हरकत. नोटीस देणाऱ्या वकिलांना आजच लेखी कळवा, रजिस्टर पोस्टाने, पोच जपून ठेवा. बाकी सगळं नंतर.

स्थावरातला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृत लागतो, नोटरी पुरत नाही. दुय्यम निबंधकांकडे शोध घ्या, तसा दस्त खरंच नोंदलाय का. त्या फेरफाराची नक्कल काढा. नाव कमी करण्याआधी आईला नोटीस बजावली होती का, हे त्यात बघायचं. प्रांतांकडे अपिलाची मुदत 60 दिवसांची, तेव्हा विलंबमाफीचा अर्ज जोडावा लागेल. पण फेरफार ही महसुली नोंद, मालकी त्याने ठरत नाही. खरा मार्ग वाटपाच्या दाव्याचा, सोबत विक्रीला मनाई हुकूम मागायचा. दाव्यात सगळे वारस आणि सगळ्या जमिनी घाला, घरसुद्धा. दावा उशिरा लावला, हा मुदतीचा मुद्दा समोरचा वकील काढणारच, म्हणून सही कशी घेतली आणि कधी कळलं ते तारखेनिशी आत्ताच लिहून ठेवा.

मृत्युपत्राला घाबरू नका. त्यावर दोन साक्षीदार लागतात आणि हयात असतील तर निदान एकाला कोर्टात उभं करावं लागतं. जमीन वडिलोपार्जित ठरली तर आजोबांना फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. मुलीचा हक्क जन्मापासूनचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलंय. बायकांना असलेली कोर्ट फी माफी तुमच्या दाव्याला लागू होते का, तेही वकिलांना विचारा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.

धागाकर्ती

खूप आभार. हरकत आज पोस्टात टाकली, पोच जपून ठेवलीय. मावशी मात्र सही द्यायला तयार नाही. म्हणते, भावाला कोर्टात खेचलं तर गणपतीला कुठे जायचं? तिला बाजूला ठेवून आईला एकटीला दावा लावता येईल का? मावशीला प्रतिवादी करावं लागेल ना? तिला हे कसं सांगायचं, तेच सुचत नाहीये.