विषय: फोनवरचा सट्टा आणि चर्चचे वजन

प्रेषक: कार्यकारिणी सदस्य, अटलांटा

सस्नेह नमस्कार,

रविवारच्या बैठकीत, जॉर्जियात फोनवरून सामन्यांवर पैज लावायला अजून परवानगी का नाही, असा प्रश्न निघाला आणि ‘चर्चवाले होऊ देत नाहीत’ एवढ्यावर विषय मिटला. चर्चचे वजन नेमके कुठे पडते, हे कोणी सांगितले नाही, म्हणून लिहीत आहे.

असा सट्टा खुला करण्याचा प्रयत्न येथे बहुधा राज्याच्या घटनादुरुस्तीने होतो, आणि तिला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात आणि नंतर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. अडवणाऱ्याला त्यामुळे बहुमत जमवण्याची गरज नसते. एक-तृतीयांशाहून थोडे अधिक आमदार हाताशी असले की भागते. बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या संघटनांचे म्हणणे मानणारे रिपब्लिकन आमदार बरेच आहेत, आणि महसुलाच्या वाटपावरून नाराज झालेले काही डेमोक्रॅटही ऐन वेळी त्यांच्या पंगतीला बसतात. 2024 मध्ये सिनेटने दुरुस्ती मंजूर केली, पण प्रतिनिधिगृहात ती मतदानापर्यंत पोहोचलीच नाही.

वॉशिंग्टनमधला, म्हणजे देशाच्या संसदेतला, प्रकार याहून मासलेवाईक आहे. ऑनलाइन जुगारविरोधी विधेयक सिनेटमध्ये अडले, तेव्हा बहुमताचे नेते बिल फ्रिस्ट यांनी ते बंदरांच्या सुरक्षेच्या विधेयकाला जोडून दिले, आणि निवडणुकीच्या तोंडावर ज्याला विरोध करण्याची कोणाची छाती नव्हती त्या विधेयकाबरोबर तेही पार झाले. ऑक्टोबर 2006 मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश यांनी त्यावर सही केली. हा कायदा खेळणाऱ्याला हात लावत नाही. तो बेकायदा जुगारासाठीची देवघेव बँकांमार्फत आणि कार्डांवरून होऊ देत नाही. मात्र घोड्यांच्या शर्यती त्यातून सुटल्या आणि ‘फँटसी’ स्पर्धाही (खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ करून खेळायच्या) सुटल्या. या दुसऱ्या सवलतीवर वाढलेल्या ड्राफ्टकिंग्ज आणि फॅनड्युएल याच कंपन्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सामन्यांवरील सट्ट्याला परवानगी देण्यास राज्यांना मनाई करणारा 1992 चा कायदा रद्द केल्यावर, या धंद्यात अग्रेसर झाल्या. बंदीचे श्रेय धार्मिक गटांना मिळाले. कोणाला सोडायचे, ते इतरांनी ठरवले.

आपला,
कार्यकारिणी सदस्य

प्रेषक: माजी अध्यक्ष

स. न. वि. वि.

आपले पत्र आवडले, पण 2000 सालचे प्रकरण आपण गाळलेत, आणि मला तर तेच मुळाशी आहे असे वाटते. त्या वर्षी ऑनलाइन जुगारबंदीच्या विधेयकाला वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात 245 विरुद्ध 159 असे स्पष्ट बहुमत मिळूनही ते पडले, कारण ज्या पद्धतीने ते मांडले होते तिला दोन-तृतीयांश मते लागत होती. इंटरनेटवरून लॉटरीची तिकिटे विकू पाहणाऱ्या ईलॉटरी या कंपनीने जॅक अब्रामॉफ या वॉशिंग्टनमधल्या लॉबिस्टला (पैसे घेऊन आमदारांवर वजन टाकणाऱ्याला) कामाला लावले होते. त्या कंपनीचा पैसा फिरून फिरून ख्रिश्चन कोअलिशन या धर्मनिष्ठ राजकीय संघटनेचे माजी संचालक राल्फ रीड यांच्यापर्यंत पोहोचला. विधेयकात शर्यतींना सवलत आहे, म्हणजे ते जुगार वाढवणारेच आहे, असा प्रचार धर्मनिष्ठ मतदारांमध्ये झाला. पैशाचा उगम आपल्याला ठाऊक नव्हता, असे रीड यांनी नंतर सांगितले. 2006 मध्ये आपल्याच जॉर्जियात उपराज्यपालपदाच्या प्राथमिक निवडणुकीत ते हरले, आणि त्यात या प्रकरणाचा वाटा होता.

तरीही चर्चमध्ये बसणाऱ्या साध्या माणसाला मी हसणार नाही. खिशातला फोन हाच जुगारअड्डा होईल, ही त्याची भीती खोटी नव्हती. त्याचा प्रामाणिकपणा दुसऱ्यांनी वापरून घेतला, ही वेगळी गोष्ट. आणि 1992 मध्ये चर्चच्या विरोधाला न जुमानता काठावर मंजूर झालेल्या लॉटरीतून कॉलेजच्या शिक्षणासाठीची ‘होप’ शिष्यवृत्ती चालते, जी विरोध करणाऱ्यांची मुलेही घेतात आणि आपलीही.

आपला नम्र,
माजी अध्यक्ष

प्रेषक: कोषाध्यक्ष

काका, नमस्कार.

भारताने ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. तेथे सरकारने पापपुण्याची भाषा न करता व्यसन, कर्जबाजारीपणा, आत्महत्या आणि काळा पैसा ही कारणे पुढे केली. राज्यांच्या कागदी लॉटऱ्या मात्र तिथेही बंदीबाहेर राहिल्या. महाराष्ट्राची तर 1969 पासूनची आहे.

जाता जाता एक कामाची आठवण: दिवाळीच्या आपल्या सोडतीलाही येथे शेरीफच्या कार्यालयाचा परवाना लागतो. अर्ज या आठवड्यात भरत आहे. बक्षिसांची यादी कृपया शुक्रवारपर्यंत पाठवावी.

कोषाध्यक्ष