पिल्लू तोंडच लावत नाही तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

सोनचाफा
आज ओट्याखालचा खण आवरताना अगदी मागे सरकलेली २ मिलीची सिरिंज सापडली. सुई नसलेली, आकडे पुसलेले. टाकवेना. परत खणात ठेवली.

१२ वर्षं झाली. जुलै, डोंबिवली, पाऊस थांबायचं नाव नाही. मीटरच्या पेटीखाली मांजराचं पिल्लू सापडलं, महिना-सव्वा महिन्याचं असेल. डोळे चिकटलेले, नाक शेंबडाने बंद. वाटीत काय काय ठेवलं! दूध, पोळीचा कुस्करा, उकडलेलं अंडं. ढुंकून बघेना. मला वाटलं घाबरलंय. डॉक्टर म्हणाले, "अहो, त्याला वासच येत नाहीये. वास आल्याशिवाय मांजर खायचं नाही." मांजरांचा फ्लू होता. औषध, डोळ्यांत थेंब आणि नाक मोकळं व्हायला वाफ. मग काय, गीझर लावून, बाथरूमचं दार ओढून, पिल्लू मांडीवर घेऊन मी पाटावर. ऑफिसच्या आधी!

दर दोन-तीन तासांनी सिरिंज. चिकन उकडून मिक्सरमधून काढलेलं, बिनमिठाचं, कोमट. निम्मं माझ्या गाऊनवर. चौथ्या दिवशी सासूबाई तव्यावर सुकट भाजत होत्या (मांजर आणलं म्हणून माझ्याशी अबोला) आणि टॉवेलातून डोकं वर आलं. नाकपुड्या हलल्या. बाईंनी गॅस बंद केला, चिमूटभर चुरली आणि बोट पुढे केलं. चाटलं! डॉक्टर नंतर म्हणाले, खारट असते, सवय नको. पण तेव्हापासून ते पिल्लू त्यांचं, माझं कुठलं.

तुमच्याकडे काय झालं?

बोक्याचा बाप
गीझरचं बिल किती आलं ते सांगा आधी 😄

राधिका_चि
आमचं गेलं. सर्दी नव्हती, नुसत्या उलट्या, पाण्याच्या वाटीवर मान टाकून बसायचं पण पीत नव्हतं. पॅनल्यूक, म्हणजे पॅनल्युकोपेनिया, मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार. लस द्यायला पुढच्या आठवड्यात जायचं ठरलेलं. नंतर कळलं की तो विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकतो, म्हणून टोपली, वाट्या सगळं टाकलं. ब्लीचने फरशी पुसताना फार रडले.
एवढंच.

सोनचाफा
राधिका 🫂

मधली आळी
माझं जरा वेगळं. पिल्लू १५ दिवसांचं, आई परत आलीच नाही. आजी म्हणत होती मांजर पिल्लांना सात घरं फिरवते, येईल. नाही आली. मी घाईघाईने दूध पाजायला गेले तर ओळखीच्या एकाने हात धरला. त्याने दवाखान्यात मदतनीस म्हणून काम केलंय. म्हणाला पंजे बघ, गार आहेत. गार पिल्लाला पाजायचंच नाही, पोटात पचत नाही. आधी ऊब. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तासभर. मग हिरड्यांना साखरेचं पाणी नुसतं बोटाने. मग दूध, तेही पिल्लांसाठी मिळतं ते. गाईच्या दुधाने हगवण लागते.
आणि शू करवायला ओला कापूस!! हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. इतक्या लहान पिल्लाला स्वतःहून होत नाही.

अनुप७७
बाळासारखं उताणं धरून पाजू नका प्लीज. पोटावर बसवून, गालाच्या बाजूने, थेंब थेंब. मी उताणं धरलं होतं. नाकातून आलं. न्यूमोनिया. वाचलं, पण ते पंधरा दिवस नकोत.
(डबा लावायचाय, बाकी नंतर)

रात्रपाळी
कोणी तापासाठी पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराला ते विषच. अर्धी गोळीसुद्धा. माझ्या शेजाऱ्यांनी "लहान मुलांचं आहे, काय होतंय" म्हणून दिलं होतं.

बोक्याचा बाप
@रात्रपाळी मग?

रात्रपाळी
नको विचारू.

कुसुमाकर
आमच्याकडे कुत्रा. त्याने न खाल्लेली वस्तू आजवर मला दिसलेली नाही. चप्पल धरून.

राधिका_चि
😂 बरं वाटलं. अजून एक, स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज वजन करा. आमचं तीन दिवस घटत होतं, आम्ही डोळ्यांनी बघून म्हणत होतो तसंच आहे.

मधली आळी
हो. माझ्याकडे अजून ती वही आहे. १८० ग्रॅम, १८४, १७९ (त्या दिवशी मीच जेवले नाही), १९०.

सुगरण_नं१
विषयांतर होतंय पण सुकट म्हणजे जवळाच ना? आमच्याकडे सुकट म्हटलं की सगळी सुकी मासळी.

सोनचाफा
सासूबाईंच्या भाषेत बारीक सुकी कोळंबी. तव्यावर कोरडी भाजायची, तेल नको, मग धुवायची.

अनुप७७
आधी धुवायची की आधी भाजायची?

सुगरण_नं१
आधी भाजायची हो, ओली तव्याला चिकटते. खिडकी उघडी ठेवा, नाहीतर सोसायटीतली सगळी मांजरं दारात.

कुसुमाकर
आणि माझा कुत्रा.