टोंगारिरो: चढापेक्षा उतार भारी

गाईडशिवाय टोंगारिरो क्रॉसिंग (न्यूझीलंडमधली, ज्वालामुखीवरून जाणारी पायवाट) एका दिवसात होईल का? होतं, फक्त गुडघे पुढचे दोन दिवस बोलत राहतात. मांगाटेपोपो ते केटेटाही सुमारे २० किमी, आम्हाला साडेआठ तास लागले. सुरुवात आणि शेवट वेगवेगळ्या ठिकाणी, त्यामुळे शटल आधीच ठरवून ठेवा.

डेव्हिल्स स्टेअरकेस या पायऱ्यांच्या चढाची मी उगाच धास्ती घेतली होती. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना पायऱ्यांचं काय कौतुक! खरी परीक्षा रेड क्रेटर या ज्वालामुखीच्या विवरानंतर (१८८६ मीटर, वाटेतला सर्वात उंच भाग). हिरव्या तळ्यांकडे उतरताना पायाखाली नुसती भुसभुशीत राख आणि खडी. एक पाऊल टाकलं की दीड पाऊल घसरायचं. मी दोनदा व्यवस्थित बुडावर आपटलो, तेव्हा कळलं की जमीन चक्क कोमट आहे! बाजूच्या भेगांतून वाफ आणि गंधकाचा वास. काठी असेल तर न्याच, आणि टाच रोवत उतरा.

पुढे ब्लू लेकपाशी हॉस्टेलवर लाटलेल्या पोळीचा रोल बाहेर काढला आणि लगेच परत पिशवीत ठेवला. हे तळं इथल्या मूळ माओरी लोकांसाठी पवित्र, काठावर खाऊ नये असं सांगतात. तो रोल अर्ध्या तासानं एका दगडाआड, गार वाऱ्यात खाल्ला. इतकी चविष्ट बटाट्याची भाजी मी आजवर केलेली नाही.

शेवटचा जंगलातला उतार मात्र संपता संपत नाही. शटलमध्ये बसल्यावर बूट काढू नका, परत चढत नाहीत.