पाच वर्षांची कुत्री शेल्टरमधून घरी आणावी का? घरात सासूबाई काठी घेऊन चालतात

निशिगंध (मिरज):

नमस्कार मंडळी. गेले तीन रविवार मी घराजवळच्या एका शेल्टरमध्ये जातेय. पहिल्यांदा गेले ते जुन्या चादरी द्यायला. शेवटच्या पिंजऱ्यात एक तांबूस गावठी कुत्री भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाकीची सगळी जाळीवर उड्या मारत होती. हिनं एकदा मान वळवून बघितलं आणि परत भिंतीकडे तोंड केलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तिथल्या मावशी तिला तांबडी म्हणतात. दातांवरून डॉक्टरांनी वय पाचेक वर्षं सांगितलंय. नसबंदी झालेली आहे, कानाला खाच आहे. मागचा उजवा पाय गाडीखाली सापडून मोडला होता, तो जुळला पण ती जरा लंगडते. सव्वा वर्ष झालं तिथे येऊन, विचारायला कुणी आलं नाही. दुसऱ्या रविवारी मी पिंजऱ्याबाहेर स्टुलावर पाऊण तास नुसती बसून राहिले. तिसऱ्या रविवारी तिनं जाळीतून नाक घालून माझ्या ओढणीचं टोक हुंगलं.

घरात मी, हे आणि सासूबाई. सासूबाई 79 वर्षांच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी घेऊन चालतात. घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी सकाळी साडेसात ते दीड शाळेत, हे दिवसभर दुकानात.

हे म्हणतात, आणायचंच तर पिल्लू आण, मोठ्या कुत्र्याला लळा लागत नाही. सासूबाईंनी मात्र एकच विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही: "रस्त्यावर तिनं काठीचा मार खाल्ला असेल गं. माझ्या हातात काठी बघून ती काय करेल?" भर म्हणून सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, कुत्रं नियमात बसत नाही.

तीन आठवड्यांनी उन्हाळ्याची सुट्टी लागेल. आणायची तर तेव्हाच. ज्यांनी मोठं कुत्रं आणलंय त्यांनी खरं काय ते सांगा.


वाड्यातला (सातारा):

ताई, आधी लळ्याचं बोलतो, कारण हेच मलाही सगळ्यांनी ऐकवलं होतं.

2019 च्या जूनमध्ये आम्ही बाळ्याला आणलं. काळा, छातीवर पांढरा ठिपका, वय सहाच्या आसपास. रिक्षातून उतरला तो तडक मोरीत गेला आणि बंबामागे शिरला. दोन दिवस जेवला नाही. कुकरची शिट्टी झाली की अंग आणखी चोरायचा. हिनं दूधभात ठेवला, मी उकडलेलं चिकन ठेवलं, त्यानं कशाकडे बघितलं नाही. तिसऱ्या रात्री दोनच्या सुमाराला ताटली फरशीवर सरकल्याचा आवाज आला. आम्ही दोघं अंथरुणात जागे होतो. उठलो नाही, दिवा लावला नाही, एकमेकांशी बोललोही नाही. सकाळी ताटली स्वच्छ होती.

शेल्टरवाले एक हिशेब सांगतात: तीन दिवस भेदरलेले, तीन आठवडे घराची रीत समजून घ्यायला, तीन महिने घर आपलं वाटायला. प्रत्येकाचं मागंपुढं होतं, पण अंदाज म्हणून खरा आहे. पहिला महिना बाळ्या वेटोळं करून, नाक दाराकडे ठेवून झोपायचा. जरा खुट्ट झालं की उभा. सातव्या आठवड्यात एका दुपारी तो माजघरात चारी पाय वर करून, पोट उघडं टाकून झोपलेला दिसला. ही मला हाताला धरून बघायला घेऊन गेली. लळा लागणं म्हणजे काय हे मला त्या दुपारी कळलं. त्यानंतर माझी स्कूटर कोपऱ्यावर वळली की तो दारात उभा असायचा, गेल्या डिसेंबरपर्यंत.

आमची चूकही सांगतो. पहिल्याच रविवारी त्याला बघायला नातेवाईक आले, सात-आठ जण. भाच्यानं वरून डोक्यावर हात ठेवला. बाळ्यानं दात दाखवले, गुरगुरला. चावला नाही. मी त्याच्यावर ओरडलो आणि ते मला आजही टोचतं. गुरगुरणं ही त्याची सूचना असते, "पुरे, लांब हो". ओरडून ती बंद पाडली की पुढच्या वेळी कुत्रं सूचना न देता चावतं. तुम्ही पहिले पंधरा दिवस पाहुणा घरात घेऊ नका. अंघोळ नको, फिरवून मिरवणं नको. एक कोपरा तिचा ठरवा, तिथे कुणी जायचं नाही. ती येईल.

पिल्लाबद्दल: 79 वर्षांच्या बाईंच्या पायात घुटमळणारं, पदर ओढणारं, रात्रीतून चारदा शू करणारं पिल्लू मला जास्त धोक्याचं वाटतं. पाच वर्षांची कुत्री केवढी आहे आणि स्वभावानं कशी आहे, हे आज तुमच्या डोळ्यांसमोर आहे.

सासूबाईंनी विचारलेला प्रश्न मात्र सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर शेल्टरमध्येच मिळवा. त्यांचीच काठी घेऊन जा, घरची, तिला त्यांच्या हाताचा वास असेल. पहिल्या दिवशी ती तांबडीपासून दहा-बारा फुटांवर जमिनीवर आडवी ठेवा आणि आसपास चिकनचे बारीक तुकडे टाका. पुढच्या भेटीत काठी हातात धरून नुसतं बसा. मग हळू चाला, टकटक आवाज होऊ द्या. उगारायची नाही, गंमत म्हणूनही नाही. ती वारंवार जांभई देते का, ओठ चाटते का, तोंड फिरवते का, ते बघा. हे अवघडल्याचं लक्षण, म्हणजे अंतर वाढवायचं. पण एकदम दगडासारखी ताठ झाली आणि नजर काठीवरून हटेना, तर घाई करू नका.


गोठा_ते_दवाखाना (कोल्हापूर):

वाड्यातले दादा, वाचून गलबललं. निशिगंधताई, मी जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, कामाचं तेवढं लिहितो.

शेल्टरकडून लसीकरणाचं कार्ड मागा. रेबीजचं इंजेक्शन दरवर्षी, जंताचं औषध तीन महिन्यांनी. गोचीड असतील तर घरी आणायच्या आधी रक्त तपासून घ्या. गोचिडतापात कुत्रं वरून बरं दिसतं आणि आत प्लेटलेट उतरलेल्या असतात. पावसाळ्याआधी लेप्टोची लस झालीय ना बघा. उंदराच्या मुतातून पसरतो तो आणि माणसालाही होतो.

पायाचा एक्स-रे काढा. जिन्यापेक्षा गुळगुळीत फरशी वाईट, लंगडा पाय घसरतो आणि सगळा भार चांगल्या पायावर येतो. तिच्या वाटेवर जुनी सतरंजी किंवा तागाचं पोतं अंथरा. जिना चढताना पोटाखालून टॉवेल घालून आधार द्या. वजन वाढू देऊ नका, हात फिरवला की बरगड्या लागल्या पाहिजेत. पाय दुखतोय म्हणून घरातली माणसांची गोळी कधीही देऊ नका, त्यानं दगावलेली कुत्री मी पाहिलीत. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं, चॉकलेट बंद. शिजवलेलं हाडही नाही, त्याच्या चिपा होतात.

सोसायटीचं: भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचना आहेत. पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमतानं ठराव केला तरी नाही. छापून सेक्रेटरींना द्या, भांडू नका. महापालिकेचा परवाना काढा. जिन्यात पट्टा आणि घाण आपण उचलायची, एवढं पाळलं की निम्मी तक्रार संपते.


सांजवात (ठाणे):

मी 2021 मध्ये साडेतीन आठवड्यांनी कुत्रा परत नेऊन दिला. हे लिहायला मला जड जातंय, पण कुणीतरी ही बाजू सांगायला हवी.

चार वर्षांचा होता, अतिशय प्रेमळ. आम्ही दोघं नोकरीवाले. मी फक्त दोन दिवस रजा काढली होती. तिसऱ्या दिवशी आठ तास एकटा राहिला आणि त्यानं दार इतकं ओरबाडलं की नखांतून रक्त आलं. शेजारी म्हणाले, दिवसभर रडतोय. एकटं राहायची सवय मिनिटामिनिटानं लावायची असते हे मला नंतर कळलं: दार ओढून घ्यायचं, लगेच यायचं, मग पाच मिनिटं, मग पंधरा. सुट्टी महिनाभराची आहे ना, ती त्यासाठी वापरा.

दुसरं, शेल्टरला विचारा, पंधरा दिवस नुसती सांभाळायला देतील का. आमच्या इथलं देतं. परत नेताना त्यानं गाडीतून उतरायला नकार दिला होता. "पंधरा दिवसांसाठी" असं सुरुवातीलाच ठरलं असेल तर माणूस उघड्या डोळ्यांनी निर्णय घेतो.

आणि सासूबाईंना एकदा तिथे घेऊन जा. सकाळचे सहा तास त्यांनाच तिच्याबरोबर काढायचेत.


निशिगंध (मिरज):

सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, कारण घरात तांबडी आहे. उद्या पाच आठवडे होतील.

काठी घेऊन चार वेळा गेले. पहिल्यांदा ती पिंजऱ्याच्या पार मागे सरकली. चौथ्या वेळी काठीला लागून पडलेला तुकडा उचलून खाल्ला. पाचव्या खेपेला सासूबाईंना रिक्षानं नेलं. त्या खुर्चीवर बसल्या, काठी स्वतःच खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ये बाई, मीही लंगडीच आहे." ती आली नाही, पण भिंतीकडे तोंडही केलं नाही. पंधरा दिवसांच्या बोलीवर आणली आणि बाराव्या दिवशी यांनीच फोन करून कागद पक्के करायला सांगितले.

सांजवात, तुमचं वाचून मी पहिल्या आठवड्यापासून दार ओढून बाहेर जिन्यात बसायला लागले. आता दोन तास राहते. घरात सासूबाई असल्या तरी मी गेले की दाराशी जाऊन बसते, म्हणून हे सोडलेलं नाही.

यांच्या हातून अजून खात नाही. फटफटीच्या आवाजाला पलंगाखाली जाते. जिना उतरते झरझर, चढताना पहिल्या मजल्यावर थांबते आणि टॉवेलची वाट बघते. सासूबाई चालत असल्या की लांबूनच बघते. त्या बसल्या, काठी फरशीवर आडवी झाली की दोन मिनिटांनी उठते, काठीला वळसा घालते आणि त्यांच्या पायांशी येऊन बसते. दिवसातून पाच-सहा वेळा हेच चालतं. काल सासूबाईंनी मला हळूच सांगितलं, चहा झाला तरी उठत नाही मी, ती आत्ताच बसलीय.

लेप्टोची लस शुक्रवारी आहे. गोठा_ते_दवाखाना, सतरंजी ती ओढून कोपऱ्यात नेते, तागाचं पोतंच बरं पडलं. पावसात पोतं वाळत नाही, त्याला दुसरं काय अंथरता येईल?